टपकणारा व्हॉल्व्ह

नमस्कार श्रोतेहो. नाक मुरडू नका, पण आज मैलापाण्याबद्दल बोलायचंय.

गाडीमागे जोडून न्यायच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या पोटाशी दोन टाक्या असतात. एकीत संडासाचा मैला, दुसरीत मोरी-बेसिनचं पाणी. दोन्हींचे पाइप पुढे एकाच तोंडाला मिळतात. त्या तोंडाचं झाकण काढताक्षणी बुटावर धार आली, की आतला व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये असं समजा. कुठल्या टाकीचा, ते आधी शोधा. दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवा, मग एकेकीत स्वच्छ पाणी भरून बघा.

मैल्याचा व्हॉल्व्ह बहुधा 3 इंची असतो. त्यात एक पातळ पाती दोन रबरी सीलच्या मधून सरकते. ती जिथे टेकते त्या खाचेत कागदाचा लगदा साचला, की पाती केसभर अलीकडेच थांबते. ती सरकवायचा बाहेरचा दांडा मात्र पूर्ण आत गेल्यासारखा वाटतो! म्हणून पान्हा हातात घेण्याआधी टाकीत भरपूर पाणी सोडा आणि ते नळीतून वाहून जात असताना पाती आठ-दहा वेळा मागेपुढे करा. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

नाहीच भागलं, तर टाकी रिकामी करून, हातमोजे आणि चष्मा चढवून, खाली बादली ठेवून चारही बोल्ट काढा. पाइप जरा फाकवला की व्हॉल्व्ह बाहेर येतो. पाती वाकली नसेल तर नुसती सील बदलली तरी चालतं.

खरी मेख पुढे आहे. मी पहिल्यांदा बसवलेला नवा व्हॉल्व्ह जुन्यापेक्षा जास्त गळला. उघडून बघतो तर आत सरकवताना एक सील दुमडलं होतं, कानाच्या पाळीसारखं. तेव्हापासून मी सीलना सिलिकॉनचं ग्रीस लावतो (पेट्रोलियमचं नको, रबर फुगतं) आणि चारही बाजूंनी बोट फिरवून बघतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. जोर दाखवलात तर प्लास्टिक तडकेल.

मग पुन्हा स्वच्छ पाणी भरा, झाकण उघडं ठेवा, खाली कोरडा कागद पसरा आणि सकाळी बघा.

एक राहिलंच. मुक्कामी गटाराला नळी जोडलेली असली, तरी मैल्याचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, कागद मागे वाळत बसतो, आणि पुढे तोच त्या खाचेत येतो.