पहिल्या गोळीच्या आधी

(कोल्हापुरात नवोदित नेमबाज आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. माइकवर बोलायची मला सवय नाही. माझी तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर गेली, आणि तिथं कितीही ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. ऑइल इंजिनचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बोअर करणं हे माझं काम. पोरगी नेमबाजीत गेली म्हणून मी रायफलीकडे वळलो. तेव्हा लक्षात आलं, अरे, हेही भोकच आहे! फक्त लायनरमध्ये हात जातो, इथं पेन्सिलसुद्धा जात नाही.

1 ऑगस्ट 2024 ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर ऑलिंपिकचं ब्राँझ घेतलं. तेव्हापासून मला फोन जास्त यायला लागलेत. प्रश्न एकच असतो: "काका, नवी रायफल हातात आलीय, बॅरल चांगलं आहे का कसं बघायचं?" आज तेवढंच सांगतो. पोझिशन, श्वास, ट्रिगर हे तुमचे कोच सांगतील.

नळीला डोळा लावायच्या आधीची गोष्ट ही. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, बाहेर काढून टेबलावर ठेवायचा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघायचं, मग करंगळीनं चाचपायचं. "नवी आहे, आत्ताच खोक्यातून काढली," हे कारण माझ्यासमोर द्यायचं नाही. बोल्ट टेबलावर दिसत नसेल तर मी रायफलीला हातही लावत नाही, पोरीच्यासुद्धा नाही.

आता हा तुकडा बघा. एका मोडीत निघालेल्या एअर रायफलीचं बॅरल मी उभं चिरून आणलंय. पुढच्या रांगेपासून फिरवा. आत पिळाच्या खाचा दिसतात ना? खोल भाग तो ग्रूव्ह, वर राहिलेला कंगोरा तो लँड. पॉइंट टू-टूमध्ये, म्हणजे 50 मीटरला वापरतात त्या रायफलीत, समोरासमोरच्या लँडमधलं अंतर साधारण साडेपाच मिलिमीटर आणि ग्रूव्हमधलं 5.65. म्हणजे खाचेची खोली झाली वर्तमानपत्राच्या एका कागदाएवढी. एवढीशी खाच शिशाच्या गोळीला पकडते आणि फिरवते. सोळा इंचांत एक फेरा. गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास निघते, हिशोब करा, मिनिटाला 48 हजार फेरे होतात. माझं लेथ हजाराच्या वर नेलं की मालक खिडकीतून डोकावायचा.

ही खाच होते कशी, ते कळल्याशिवाय दोष ओळखता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी सळईला लांब भोक पाडतात, मग रीमर नावाच्या फिरत्या हत्यारानं ते मापात आणतात. पुढे वाटा वेगळ्या होतात. कुणी हुकासारखं एक हत्यार आतून ओढतं, एका वेळी दोन-तीन मायक्रॉन धातू निघतो, आणि असे कितीतरी फेरे घ्यावे लागतात. कुणी कार्बाइडचं बटण ओढून खाच दाबून काढतं. कुणी आत पिळाचा साचा धरून बाहेरून हातोड्यांनी ठोकतं. चांगला कारागीर शेवटी आत शिसं ओतून त्याचा दट्ट्या करतो, त्याला तेल आणि पॉलिश पावडर लावून पुढे-मागे घासतो. याला लॅपिंग म्हणतात. आम्ही लायनरला होनिंग करायचो, तिचीच ही बारकी बहीण.

आता बघायला बसू. कारखान्यातून येताना नळीत गंज लागू नये म्हणून तेल किंवा ग्रीस असतं. ते असताना काहीही दिसत नाही, आणि दिसतं ते खोटं दिसतं. रॉड मधोमध धरणारं बोअर गाइड लावून मागून, म्हणजे चेंबरकडून, रॉडनं पॅच, म्हणजे कापडाची चिंधी, घालायचा. पहिला पॅच काळा येईल, दुसरा तपकिरी. पांढरा येईपर्यंत घालत राहायचं. पॅच मोजून घालायचे आणि मोजून बाहेर घ्यायचे. एकदा आमच्या पोरीच्याच रायफलीत एक पॅच आतच राहिला होता, सात घातले आणि टेबलावर सहाच दिसले म्हणून कळलं. नळीत चिंधी असताना गोळी सुटली की बॅरल त्या जागी फुगतं. मग ते कुणाच्या कामाचं राहत नाही.

बल्बकडे रोखून बघू नका, नुसता चकचकाट दिसेल. खिडकीसमोर पांढरा कागद धरा आणि त्याच्याकडे बघा. ग्रूव्ह आणि लँडच्या कडा मागपासून पुढपर्यंत एकसारख्या वळत गेल्या पाहिजेत. मध्येच एक काळसर कडं दिसलं, लँड आणि ग्रूव्ह दोन्हींवरून आडवं गेलेलं, तर थांबा. ते फुगल्याचं लक्षण असू शकतं. जुन्या काळचे बॅरल सरळ करणारे कारागीर खिडकीच्या गजाची सावली नळीत पाडून बघायचे. सावलीची रेघ आत सरळ गेली तर नळी सरळ, मोडली तर तिथं वाक. तुम्हीही करून बघा, घरात गज आहेतच. जमायला मात्र वेळ लागतो, मला दोन पावसाळे लागले.

उभी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे की पोलादातली घाण लांबत गेलीय, हे डोळ्यानं ठरत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेले इथं असतील, त्यांना माहीत आहे. क्रँकशाफ्टला चुंबक लावून लोहचूर्ण सोडतात, तडा असेल तिथं चूर्ण गोळा होतं. अमेरिकन लष्कराच्या बॅरलवर 'एमपी' अशी अक्षरं असतात, ती याच चाचणीची. ही चाचणी घरी होत नाही. अशी रेघ दिसली की गोळी झाडायची नाही, बॅरल परत करायचं. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता तोंडाकडे या. मझलची कड, तिला क्राउन म्हणतात. माझ्या मते निम्मी तपासणी इथंच आहे. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवतून सुटतो. कड सगळीकडे सारखी असेल तर वायू चारी बाजूंनी एकदम सुटतो. एका बाजूला बर, म्हणजे धातूचा बारीक काटा, असला किंवा टोचा पडलेला असला, तर तिथून आधी किंवा नंतर सुटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं आहे. तिथं हा ढकला लपत नाही.

हे बघायला महागडं काही लागत नाही. हा कान साफ करायचा बड. कोरडा घ्यायचा, तोंडात जरासा घालायचा आणि कडेवरून बाहेर ओढत हळूहळू गोल फिरवायचं. प्रत्येक लँडच्या टोकाला. आत्ता मी करतो तसं. बघा, इथं धागा अडकला. या तुकड्यावर मी मुद्दाम कानशीनं बर काढून ठेवलाय. धागा अडकला की दहा पटीचं भिंग लावून बघा, चकचकीत ठिपका दिसेल. आणि आता हात जोडून सांगतो: तो बर घरी घासायला जाऊ नका. टर्नर लोकांना मी विशेष सांगतोय, आपल्याला हात शिवशिवतात. हे परवानाधारक गनस्मिथचं काम आहे.

मागच्या टोकाला एक खास गोष्ट बघायची. दुकानात शोकेसमधली रायफल जो येतो तो हातात घेतो आणि रिकामी खटकन दाबतो. पॉइंट टू-टू रिमफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या मधोमध नाही, कडेवर आपटते. म्हणून रिकाम्या चेंबरवर पिन आपटली की चेंबरच्या कडेला खळगा पडू शकतो, धातू आत सरकतो. मग काडतूस काढताना अडकतं. बिलावर 'नवी' लिहिलेलं असलं तरी कडेवर भिंग फिरवा.

मऊ शिशाची चाचणीही सांगतो, कारण मला ती सगळ्यांत आवडते. गळाला लावतात तो शिशाचा मणी, नळीपेक्षा किंचित जाड. तेल लावून मागून रॉडनं हळू ढकलायचा. डोळे मिटले तरी चालतील. हाताला कळतं: इथं घट्ट, इथं सैल. सगळीकडे सारखा गेला तर छान. शेवटच्या दोन-तीन इंचांत जरा घट्ट झाला तर त्याहून छान. तोंडापाशी एकदम सैल सुटला तर माझं तोंड उतरतं.

आणि आता कॅमेरा. स्वस्तातले बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालायचे बारीक कॅमेरे, मिळायला लागल्यापासून लोकांची झोप गेलीय. मोबाइलवर लँड रस्त्याएवढा रुंद दिसतो आणि त्यावर आडवे ओरखडे! मीही त्यातून गेलोय. पोरीची रायफल आली त्या रात्री दोन वाजेपर्यंत बघत बसलो. ओरखडे मोजले, फोटो काढले, परत करायचं पत्रही लिहिलं. सकाळी रेंजवरच्या एका जुन्या आर्मररनं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं, पत्र वाचलं आणि विचारलं, "गोळ्या किती झाडल्या?" एकही नाही.

त्यानं समजावलं ते असं. रीमर फिरतो, म्हणून त्याच्या खुणा कड्यासारख्या आडव्या पडतात, आणि हुकानं खाच काढली असेल तर लँडच्या माथ्यावर त्या तशाच राहतात. लॅपिंगच्या खुणा उभ्या, गोळीच्या वाटेनं. उभ्या विसरून जायच्या. आडव्या शिसं खरवडतात हे खरं, म्हणून बारीक असतील तर लिहून ठेवायच्या आणि निशाणावर बघायचं. खोल असतील, लाटांसारख्या असतील, ज्याला आपण लेथवर चॅटर म्हणतो, तरच तक्रार करायची. आम्ही 50 मीटरवर टेकू देऊन दहा-दहाचे ग्रुप झाडले. पहिल्या काही गोळ्या इकडंतिकडं गेल्या, स्वच्छ नळीला शिशावरचं मेण बसेपर्यंत ते होतं. मग तिसऱ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या वेगळ्या खेपेच्या, गोळ्यांनी एकाच भोकात कुरतडल्यासारखं केलं. तेच बॅरल पोरगी आजही वापरते. फोटो मी अजून जपून ठेवलेत, तिला चिडवायला नव्हे, ती मला चिडवते म्हणून.

झालं. टेबलावर क्लबची रायफल आहे, बोल्ट तिच्या शेजारी आहे, बड आणि भिंग आहे. कागद खिडकीला चिकटवलाय. एकेक जण या. आधी लहान पोरं, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा बरे आहेत.