वाळू सरेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. गेल्या थंडीतली गोष्ट. रात्री दोनला आमची दहा महिन्यांची लेक कण्हत उठली. अंगात ताप, नाक चोंदलेलं, पोट भराभर खालीवर. बायको म्हणाली, "गाडी काढ." मी घरभर किल्ली शोधतोय आणि किल्ली माझ्याच मुठीत! आई मात्र शांत. अंगणवाडीत तिची हयात गेली. म्हणाली, "आधी श्वास मोज. पूर्ण एक मिनिट."

त्या क्षणी मला तिचा रागच आला. पोर धापा टाकतेय आणि ही गणित घालतेय!

ह्या श्वास मोजण्यावरून मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. लेकराला 'डबा', म्हणजे न्यूमोनिया, झाला की गावात पोटावर डागण्या द्यायच्या. डागणारीही मायाच करत असते हो, पण त्यानं न्यूमोनिया हटत नाही. तो ओळखायची खूण साधी: दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आत ५० किंवा जास्त. अडचण एवढीच, की अनेक सुईणींना साठपर्यंत मोजताच येत नव्हतं. मग एक यंत्र निघालं. यंत्र कसलं, पाटीसारखी चौकट: एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर औषध सुरू. माझ्या मते ह्या मण्यांत जेवढी अक्कल आहे, तेवढीच कळकळ आहे.

पुढची गोष्ट जरा जड आहे. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, गरज पडली तर इंजेक्शनही देऊ लागल्या. शेजारच्या ४७ गावांत मात्र सरकारी सेवा होती तशीच, तिथं फक्त नोंद. मी असतो तर ती नोंदवही फेकून त्या गावांतही धावलो असतो, आणि मग कुणालाच काही पटवून देता आलं नसतं. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हजारी नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. ४७ गावांत ते साठीच्या आसपासच राहिले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरच्या नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर घेतला. त्या ४७ गावांत नुसतीच नोंद ठेवल्याची सल कुणाच्या मनात राहिली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर त्या रात्री. लेकीचं झबलं वर केलं, मोबाईलवर मिनिट लावलं. चव्वेचाळीस. "परत मोज," आई म्हणाली, "पहिल्यांदा माणूस घाईत मोजतो." बेचाळीस. छाती आत ओढली जात नव्हती, दूधही पीत होती. सकाळी दवाखान्यात नेलं. सर्दी निघाली.

पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा आई जागीच होती. हिशेब तिनंच चुकता केला होता, तरी हात लेकीच्या पोटावर होता.