कोलायडल सिल्व्हर: पोटात जाणारी चांदी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या पदार्थाविषयी बोलायचे आहे, त्याची बाटली दिसायला अगदी साधी असते. स्वच्छ किंवा किंचित पिवळसर पाणी, आणि वर लिहिलेले असते ‘कोलायडल सिल्व्हर’. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही कलिल रूपातली चांदी, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण. रोज चमचाभर घेतल्यास रोगप्रतिकारशक्ती वाढते, सर्दीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यांवर उतारा मिळतो, असे विक्रेते सांगतात. अमेरिकेत या द्रवाचा मोठा बाजार आहे. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांकडून किंवा इंटरनेटवरील दुकानांतून तो आपल्याकडेही पोहोचू शकतो, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, १७ ऑगस्ट १९९९ रोजी या बाबतीत अंतिम नियम प्रसिद्ध केला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकले जाणारे, कोलायडल सिल्व्हर किंवा चांदीचे क्षार असलेले कोणतेही औषध, मग ते पोटात घ्यायचे असो वा वरून लावायचे, सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. तरीही ‘पूरक आहार’ या नावाखाली विक्री चालूच राहिली. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागताच एफडीए आणि तिथल्या व्यापार आयोगाने सात विक्रेत्यांना इशारापत्रे पाठवली, आणि त्यांत करोनावरचा उपाय म्हणून कोलायडल सिल्व्हर विकणारेही होते. लोक घाबरलेले असतानाच असे दावे अधिक जोमाने केले जातात, याची मला फार चीड येते.

आता एक रास्त शंका. चांदी जंतूंना मारते, हे तर खरेच आहे ना? होय, खरे आहे. जर्मन प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत सुरू केली, आणि त्यामुळे असंख्य मुलांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आजही रुग्णालयांत वापरतात. पण हे सारे उपयोग बाहेरून लावण्याचे आहेत. जखमेवर चांदीचे आयन थेट जंतूंना भिडतात. पोटात गेलेल्या चांदीला मात्र जठरातील क्लोराइड आणि रक्तातील प्रथिने लगेच गाठतात व स्वतःशी बांधून ठेवतात. पोटात घेतलेल्या कोलायडल सिल्व्हरने एखादा आजार बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही, आणि लोह किंवा जस्ताप्रमाणे शरीराला चांदीची गरज असते असेही नाही.

घेतलेल्या चांदीचा बराचसा भाग मलावाटे बाहेर पडतो. थोडा भाग मात्र शोषला जातो आणि त्वचा, यकृत, मूत्रपिंड अशा ठिकाणी साठत जातो. त्वचेत साठलेल्या चांदीवर ऊन पडले की तिथे जे घडते, ते जुन्या काळच्या कृष्णधवल फिल्मवर घडत असे तसेच आहे: प्रकाशाने चांदीचे संयुग बदलते आणि काळपट धातू उरतो. पुढे गंधक आणि सेलेनियम यांच्याशी तिची स्थिर संयुगे बनतात, शिवाय त्वचेतील रंगद्रव्यही वाढते. परिणामी चेहरा, मान, हात असे उघडे भाग हळूहळू निळसर-राखाडी होतात. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. पहिली खूण बहुधा हिरड्यांवर दिसते, आणि नखांच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोरही निळसर होते.

हा रंग जात नाही. औषध थांबवले तरी जात नाही. शिसे किंवा पारा शरीराबाहेर काढण्यासाठी जी औषधे देतात, त्यांचाही इथे उपयोग होत नाही. काही विशिष्ट लेझरने रंग फिका करता आल्याची उदाहरणे आहेत, पण ते उपचार वेदनादायक असून सगळीकडे उपलब्ध नाहीत. अमेरिकेतील मोंटाना राज्याचे राजकारणी स्टॅन जोन्स यांनी, सन २००० उजाडताच संगणक कोलमडतील आणि प्रतिजैविके मिळेनाशी होतील या भीतीने, १९९९ पासून घरी बनवलेले कोलायडल सिल्व्हर घेतले. २००२ साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा मतदारांना त्यांचा चेहरा निळसर-राखाडी दिसत होता. अमेरिकेतीलच पॉल कॅरासन नावाच्या गृहस्थांनी त्वचेच्या आजारासाठी वर्षानुवर्षे हा द्रव प्यायला आणि चेहऱ्याला लावलाही. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा रंग गेला नव्हता.

केवळ रंगच बदलतो, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. ७१ वर्षांच्या एका गृहस्थांनी सुमारे चार महिने रोज कोलायडल सिल्व्हर घेतल्यानंतर त्यांना न थांबणारे झटके आले, ते बेशुद्धीत गेले आणि अखेर दगावले. ही नोंद २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा घटना विरळ आहेत. त्यापेक्षा रोजच्या व्यवहारातला धोका वेगळाच आहे: थायरॉइडची थायरॉक्सिन ही गोळी आणि काही प्रतिजैविके चांदीमुळे नीट शोषली जात नाहीत. म्हणजे गोळी नियमाने घेऊनही थायरॉइडचा अहवाल बिघडलेला येऊ शकतो, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

‘थोडेसे घेतले तर काय होते?’ असेही विचारले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दीर्घकाळ रोज पोटात जाणाऱ्या चांदीची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही दिवसाला ०.३ मिलिग्रॅम होते. बाटलीवर १० पीपीएम, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम, असे लिहिलेले असेल, तर पाच मिलिलिटरच्या चमच्यात ०.०५ मिलिग्रॅम चांदी असते. ५०० पीपीएम असेल, तर त्याच एका चमच्यात २.५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या आठपट. चांदीच्या दोन तारा आणि बॅटरी वापरून घरी जो द्रव बनवतात, त्यात किती चांदी उतरली हे तर बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. सणासुदीला मिठाईवर येणारा वर्ख किंवा बाळाची चांदीची वाटी यांचे दाखले देऊन हा द्रव निर्धोक ठरवू नये. वर्ख क्वचित खाल्ला जातो, वाटीचा घट्ट धातू सहज विरघळत नाही, आणि हे सूक्ष्म कण मात्र रोज, मुद्दाम, औषध म्हणून घेतले जातात.

आपल्यापैकी कोणी हा द्रव घेत असेल, तर तो आजच थांबवावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना तो मुळीच देऊ नये. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्यावी, आणि किती काळ, किती चमचे घेतला ते न संकोचता सांगावे, कारण निळसर ओठ-नखे पाहून प्राणवायू कमी पडल्याचा संशय येऊ शकतो आणि तपासण्या भलत्याच दिशेने जाऊ शकतात. कोणत्याही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःलाही करता येते.