स्पीकरच्या दारातला झेंडा

हा झेंडा नीट बघून घ्या. पांढरं कापड, मधोमध पाइनचं हिरवं झाड आणि त्याच्यावर लिहिलंय 'अ‍ॅन अपील टू हेवन', म्हणजे पृथ्वीवर न्याय मिळत नाही, आता दाद देवाकडेच. वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीच्या, शेजारी खासदारांच्या ऑफिसांची कॅनन नावाची बिल्डिंग आहे, तिथल्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये खासदारांच्या दाराशी झेंडे उभे असतात, देशाचा असतो, ज्याच्या त्याच्या राज्याचा असतो. माइक जॉन्सन यांच्या दाराशी मात्र अमेरिकेचा, लुइझियानाचा आणि त्यांच्या जोडीला हा पाइनचा.

जॉन्सन 25 ऑक्टोबर 2023 ला अमेरिकेच्या संसदेतल्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज या सभागृहाचे स्पीकर झाले. आपल्या लोकसभेच्या स्पीकरसारखं हे पद नाही बरं का, तिथला स्पीकर उघडपणे आपल्या पक्षाचा नेता असतो, कुठलं बिल मतदानाला येणार हे बरंचसं तोच ठरवतो, आणि राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही नसले तर देश चालवायची पाळी त्याच्यावर येते. त्याच दिवशी सभागृहात ते म्हणाले की अधिकारावर माणसं बसवतो तो देवच, असं बायबल स्पष्ट सांगतं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर मुलाखत झाली, तिथे म्हणाले, माझी मतं काय आहेत हे जाणून घ्यायचं असेल तर कपाटातलं बायबल काढा आणि वाचा.

आता झेंड्याची गोष्ट. 1775 मध्ये इंग्रजांशी लढाई जुंपली तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टनच्या जहाजांवर हा फडकत होता, शब्द आले जॉन लॉककडून, जुलमी राजाविरुद्ध उठायचा हक्क सांगणारा तो तत्त्वज्ञ. म्हणजे मूळ झेंडा क्रांतीचा, त्यात गैर काहीच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सिटी हॉलसमोर 1964 पासून बाकीच्या ऐतिहासिक झेंड्यांबरोबर तो उभा होता आणि कोणी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हतं. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी डच शीट्स नावाच्या पास्टरनी तो उचलला. हे ज्या चळवळीतले, तिला न्यू अपॉस्टॉलिक रिफॉर्मेशन म्हणतात, त्यांच्यात एक शिकवण चालते सात डोंगरांची, धर्म, कुटुंब, शिक्षण, सरकार, मीडिया, कला आणि धंदा, या सातही डोंगरांवर ख्रिस्ताच्या माणसांचा ताबा पाहिजे. झेंडा चर्चमध्ये गेला, सभांमध्ये गेला, आमदार-खासदारांना भेट म्हणून गेला.

आणि हे 6 जानेवारी 2021, निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांचे समर्थक संसदेत घुसले तो दिवस. कॅपिटॉलच्या पायऱ्या, धूर, गर्दी, ढकलाढकली, आणि त्या गर्दीत बघा, तेच पांढरं कापड, तेच झाड. मे 2024 मध्ये बातमी आली की सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती अलिटो यांच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या घरावरही हाच लागला होता, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोने साठ वर्षं उभा असलेला आपला झेंडा उतरवला. जॉन्सननी नाही उतरवला. त्यांचं म्हणणं, मला जॉर्ज वॉशिंग्टनच्या इतिहासाचं कौतुक आहे म्हणून तो लावतो, बाकी संबंध मला माहीत नव्हता. जॉन्सन स्वतः सदर्न बाप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथातले आहेत, शीट्स यांच्या पंथातले नाहीत, हेही सांगायला हवं. पण या झेंड्यापर्यंत पोचायचा त्यांचा रस्ता बघा.

श्रीव्हपोर्ट, लुइझियाना. आगीच्या बंबावर काम करणाऱ्याचा हा मुलगा, वकील झाला, आणि बरीच वर्षं अलायन्स डिफेन्स फंड या ख्रिश्चन वकिलांच्या संस्थेसाठी कोर्टात उभा राहिला, गर्भपाताविरुद्ध, समलिंगी लग्नाविरुद्ध. मग ही केस आली. केंटकीमधलं हे अवाढव्य लाकडी जहाज, बायबलमधलं नोहाचं तारू, 510 फूट लांब, आत शिरलं की लाकडी पिंजरे आणि त्या पिंजऱ्यांत चक्क डायनासोर, कारण बांधणाऱ्यांचं म्हणणं की पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे. टुरिझमसाठी राज्य सरकारची टॅक्सची सवलत होती, एक कोटी ऐंशी लाख डॉलरपर्यंतची, नोकरी फक्त आपल्या श्रद्धेच्या माणसांनाच देणार म्हटल्यावर सरकारने ती अडवली, तारूवाले कोर्टात गेले, त्यांच्या बाजूने जॉन्सन होते आणि जानेवारी 2016 मध्ये केस जिंकले. सगळ्या धर्मांच्या लोकांनी भरलेल्या टॅक्समधून ही सवलत, आणि नोकरी मात्र एकाच श्रद्धेच्या लोकांना, हे मला तरी आजही पटत नाही.

आणि डेव्हिड बार्टन. अमेरिका ख्रिश्चन राष्ट्र म्हणूनच स्थापन झाली असं वर्षानुवर्षं सांगत फिरणारा माणूस, इतिहासाची पदवी नाही, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्यावरचं त्याचं पुस्तक 2012 मध्ये प्रकाशकानेच मागे घेतलं कारण त्यातल्या गोष्टींवर विश्वास ठेवता येईना. जॉन्सननी 2021 मध्ये सांगितलंय की माझ्यावर, माझ्या कामावर या माणसाचा खोल प्रभाव आहे. म्हणून 2023 मध्ये चर्च आणि सरकार वेगळं ठेवण्याबद्दल त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, लोकांचा गैरसमज आहे, हे शब्द घटनेत नाहीत, जेफरसनच्या एका पत्रात आहेत.

बरोबर आहे, पत्रातच आहेत. पण पत्र कोणाला होतं ते ऐका. 1 जानेवारी 1802, कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना. तिथे सरकारमान्य चर्च दुसऱ्यांचं होतं, बाप्टिस्ट अल्पसंख्य होते, त्यांनी राष्ट्राध्यक्षाला लिहिलं की आमचं धर्मस्वातंत्र्य राज्य सरकारच्या मेहेरबानीवर आहे, हक्क म्हणून नाही, आणि जेफरसनने उत्तरात चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीबद्दल लिहिलं. ही भिंत कोणा नास्तिकाने बाप्टिस्टांवर लादलेली नाही, बाप्टिस्टांनाच तिची गरज होती, आणि जॉन्सन त्याच परंपरेतले आहेत, यापेक्षा मोठं दुःख कोणतं.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबर 2020 मध्ये बायडन जिंकलेल्या चार राज्यांचा निकाल अडवा म्हणून टेक्सास राज्याने केस केली, तिला पाठिंबा देणारा 126 खासदारांच्या सह्यांचा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला, सह्या गोळा केल्या जॉन्सननी, कोर्टाने 11 डिसेंबरला मूळ केस उडवली, आणि 6 जानेवारीला दंगल झाल्यावरही त्यांनी अ‍ॅरिझोना आणि पेनसिल्व्हेनियाच्या निकालाविरुद्धच मत दिलं. लुइझियानात 2024 मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा झाला, ज्यू, मुस्लिम, हिंदू, नास्तिक, सगळ्यांची मुलं त्याच वर्गांत बसतात.

3 जानेवारी 2025. जॉन्सन पुन्हा स्पीकर झालेत, हातात कागद, देशासाठी प्रार्थना वाचतायत, आणि सांगतायत की जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना आणि नंतर मरेपर्यंत रोज ही प्रार्थना म्हणायचा. जेफरसनचं घर सांभाळणाऱ्या माँटिसेलोच्या अभ्यासकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून लिहून ठेवलंय की याला पुरावा नाही, ही प्रार्थना 1928 च्या प्रार्थनापुस्तकात मिळते. जेफरसन वारला 1826 मध्ये.