घेटुळी ओळखताना

येताना कुंपणालगत ही वेल दिसली, म्हणून मुळासकट उपटून आणली. तुमच्यापैकी अनेकांनी आज आत येताना हिच्यावर पाय दिला असेल. कुणी हिला घेटुळी म्हणतं, कुणी वसू. आम्ही वैद्य पुनर्नवा म्हणतो.

वैशाखात वरची वेल पार वाळून जाते, रानात मागमूस उरत नाही. जमिनीखाली मात्र हे बोटासारखं मांसल मूळ जिवंत असतं. मृगाचा पाऊस पडला की तेच पुन्हा फुटतं. पुन्हा नवी होणारी ती पुनर्नवा. पावसात उगवते म्हणून वर्षाभू, आणि शोथ म्हणजे सूज घालवते म्हणून शोथघ्नी. मला यातलं शेवटचं नाव सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण वैद्य हिच्याकडे वळतो तो मुख्यतः सुजेसाठी.

यकृत थकलं की पोटात पाणी साठतं, त्याला जलोदर म्हणतात. मूत्रपिंडाचं काम बिघडलं की सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते आणि पायाच्या नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो. पुनर्नवा मूत्रल आहे, लघवी वाढवून साठलेलं पाणी उतरवते. पुनर्नवाष्टक काढ्यात तिच्या जोडीला कडुलिंब, कडू पडवळ, सुंठ, कुटकी, गुळवेल, दारुहळद आणि हिरडा येतात. चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायात पुनर्नवा मंडूर आहे. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट. त्याचं भस्म गोमूत्रात शिजवून त्यात पुनर्नवेसह इतर औषधांची चूर्णं घालतात. पांडुरोगात रक्त कमी होतं आणि अंगावर सूजही येते. हे एकच औषध दोन्हींकडे बघतं. ही योजना शिकवताना मला दरवर्षी नव्यानं आनंद होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत आपल्या देशी वनस्पती प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. त्यांत पुनर्नवाही होती. तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. आता इथं जरा थांबा, कारण मी आज आलोय ते हे सांगायला.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, पाय सुजलेले. कुणाच्या तरी सांगण्यावरून महिनाभर घरीच या मुळांचा काढा घेत होते. तपासणी केली तर मूत्रपिंडं आधीच खूप निकामी झालेली, आणि रक्तातलं पोटॅशियम चढलेलं. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकतं, दुबळ्याला ते जमत नाही, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावं लागलं. औषधी ‘नैसर्गिक’ आहे एवढ्यावर विसंबू नका, कळकळीनं सांगतो. पाय सुजले तर आधी रक्त आणि लघवी तपासा. कावीळ झाली तरी तेच. पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल तर काढ्यानं निघणार नाही, दिवस मात्र वाया जातील.

दुसरी अडचण ओळखीची. पुनर्नवा म्हणून बाजारात पुष्कळदा खापरा मिळतो. त्याची पानं जाड आणि रसाळ, फूल पानाच्या बगलेत चिकटून बसलेलं. हिचं पाहा: एका पेऱ्यावर दोन पानं समोरासमोर, पण एक मोठं, एक लहान. पान उलटलं की खालून फिकट, पांढुरकं. फुलं मोहरीएवढी, गुलाबी, लांब देठावर. आणि फळ चिकट. शेतातून आलं की धोतराच्या काठाला, गुरांच्या अंगाला लागलेलं असतं.

पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी करतात, मूगडाळ घालून, लसणाच्या फोडणीत. अधूनमधून ती खायला निरोगी माणसाला हरकत नाही. मूत्रपिंडाचं दुखणं असेल त्यानं मात्र भाजीसाठीसुद्धा डॉक्टरांना विचारावं.

ही वेल आणि खापऱ्याची एक फांदी टेबलावर ठेवतोय. पुढं या, दोन्ही हातात घ्या, पानं उलटून बघा.