कोल्हापूरचे पंच घडताना

सकाळच्या उन्हात झेंडे घेऊन टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर, आडव्या पावलांनी सरकणाऱ्या, फुटबॉलचे पंच होऊ पाहणाऱ्या या तरुण-तरुणींसमोर चेंडू नाही. मैदानात चौघे बचावपटू म्हणून उभे आहेत. प्रशिक्षकांच्या हाकेसरशी ते पुढे-मागे होतात आणि झेंडा घेतलेल्या प्रत्येकाने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत राहायचे असते. खांदे मैदानाकडे वळलेले, झेंडा मुख्य पंचांना दिसेल अशा हातात आणि नजर बचावफळीवर. साहाय्यक पंचाचे पहिले धडे असे चेंडूशिवाय दिले जातात, कारण चेंडू आला की डोळे त्याच्यामागे धावतात आणि ऑफसाइडची रेषा सुटते. सहकारी पास देतो त्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांच्याही पुढे असलेल्या खेळाडूने खेळात भाग घेतला, तर तो ऑफसाइड ठरतो.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावे आज येथे फुटबॉल संघांची नावे म्हणूनच घरोघरी घेतली जातात. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरून जाते आणि पेठापेठांमधील ईर्ष्या थेट मैदानात उतरते. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळला. खेळाडू घडविण्याचा ध्यास या गावाला नवा नाही. पंच मात्र खेळणे थांबविलेल्या खेळाडूंमधून आपोआप मिळतील, असे समजण्याकडे सर्वांचा कल राहतो. चांगला खेळाडू आपसूक चांगला पंच होत नाही, हे या मैदानावरील एक सकाळ पाहिली तरी पटावे.

आता सरावात चेंडू आला आहे. मैदानाच्या मध्यावरून एक जण लांब पास देतो, त्याच क्षणी आघाडीपटू गोलकडे झेपावतो आणि बचावपटू उलट दिशेने, मध्यरेषेकडे धाव घेतो. दोघेही सेकंदाला सात मीटर वेगाने धावत असतील, तर सेकंदाच्या दहाव्या भागात त्यांच्यातील अंतर जवळपास दीड मीटरने बदलते. पास देणाऱ्याच्या पायाकडून बचावफळीकडे नजर वळवायला तेवढाही वेळ लागला, तरी जो खेळाडू पास निघताना नियमात होता, तो साहाय्यक पंचाला पुढे गेलेला दिसतो. म्हणूनच नजर रेषेवर ठेवून चेंडूला लागलेल्या पायाचा आवाज कानाने टिपण्याची सवय येथे लावली जाते. भरलेल्या स्टेडियममध्ये हा आवाज ऐकू येत नाही. तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून पास देणाऱ्याच्या पायाची हालचाल पकडावी लागते आणि ते कौशल्य शेकडो वेळा केल्याशिवाय अंगी बाणत नाही. त्यातच हात आणि दंड ऑफसाइडसाठी धरायचे नाहीत, डोके, धड आणि पाय मात्र धरायचे, हाही हिशेब त्याच क्षणात करायचा असतो.

झेंडा वर गेला आणि मुख्य पंचांची शिट्टी वाजली, की साहाय्यक पंचाने दुसरी खूण करायची असते. गुन्हा मैदानाच्या पलीकडच्या भागात घडला असेल तर झेंडा तिरका वर, मधल्या भागात घडला असेल तर सरळ समोर आणि आपल्या बाजूला घडला असेल तर तिरका खाली. ही मुलगी पुन्हा पुन्हा चुकते आहे आणि पुन्हा पुन्हा करते आहे, ते पाहावे.

मुख्य पंचाचे शिक्षण याहून वेगळे आहे. मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे अशी त्याची ढोबळ वाट ठरलेली असते, जेणेकरून चेंडू त्याच्या आणि एका साहाय्यक पंचाच्या मध्ये राहावा आणि दोघांना दोन बाजूंनी एकच घटना दिसावी. येथे शंकू मांडून तीच वाट गिरवली जात आहे. पुढच्या सरावात एक जण मुद्दाम उशिरा पाय घालतो आणि पंच झालेल्या प्रशिक्षणार्थीने ठरवायचे असते, की हा नुसता निष्काळजीपणा आहे, समोरच्याला होणाऱ्या धोक्याची बेपर्वाई आहे, की अतिरिक्त बळाचा वापर आहे. पहिल्यात कार्डाशिवाय फ्री किक, दुसऱ्यात पिवळे कार्ड, तिसऱ्यात लाल. पुस्तकातले हे तीन शब्द मैदानावर एकमेकांच्या इतके जवळ असतात, की पंच दहा मीटरवर उभा आहे की तीस मीटरवर, यावरच बहुतेक वेळा निर्णयाचा दर्जा ठरतो. फाऊल झालेल्या संघाकडेच चेंडू राहून त्यांची चढाई सुरू असेल, तर शिट्टी ओठांपासून दूर ठेवून दोन-तीन सेकंद थांबण्याचा संयमही शिकवावा लागतो. माझ्या मते या साऱ्या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड धडा हाच आहे, कारण प्रेक्षक त्या दोन सेकंदांत ओरडू लागलेले असतात.

पंचाला मैदानात हा अधिकार पूर्वापार नव्हता. १८९१ पूर्वी दोन्ही संघांचे आपापले अंपायर असत आणि त्यांचे एकमत झाले नाही तरच बाहेर उभ्या असलेल्या रेफरीला विचारले जाई. त्या वर्षी रेफरी मैदानात आला आणि निर्णय त्याच्या हाती गेला.

दुपारचा वर्ग फळ्यासमोर भरतो. चुंबकाच्या गोट्या सरकवून प्रसंग मांडले जातात आणि प्रत्येकाने उभे राहून आपला निर्णय कारणासह सांगायचा असतो. नियम सतरा असले तरी त्यांत दरवर्षी बदल होतात आणि जुन्या सवयीने पंचगिरी करणारा मागे पडतो. २०२५ च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरला तर प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर किक मिळते आणि शेवटची पाच सेकंदे पंचाने हात उंचावून बोटांनी मोजून दाखवायची असतात. फळ्यासमोरचा संपूर्ण वर्ग आता हात वर करून तीच पाच सेकंदे मोजत आहे.

संध्याकाळी पळायचे असते. फिफाच्या पुरुष पंचांना चाळीस मीटरची धाव प्रत्येकी सहा सेकंदांच्या आत, अशी सहा वेळा द्यावी लागते आणि त्यानंतर पंधरा सेकंदांत पंचाहत्तर मीटर धावणे व अठरा सेकंदांत पंचवीस मीटर चालणे, असे चाळीस वेळा. या मुलांचे मापदंड अजून इतके कडक नाहीत, परंतु दिशा तीच आहे.

मानधन तुटपुंजे असते, शिवीगाळ नित्याची असते आणि अनेक नवे पंच त्यामुळे लवकरच शिट्टी खाली ठेवतात.

जे टिकतात त्यांच्यासाठी मात्र वाट उघडी आहे. जिल्ह्यातून राज्याच्या आणि तेथून राष्ट्रीय परीक्षेपर्यंत जाता येते. तमिळनाडूचे शंकर कोमलेश्वरन यांनी २००२ च्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले आणि गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनमधील सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकात झेंडा घेऊन उभ्या राहिल्या. या वर्गातील मुलींना युवेना यांचे नाव सांगावे लागत नाही. प्रत्येक तालमीने आपल्या संघासोबत दरवर्षी किमान एक मुलगा आणि एक मुलगी पंच प्रशिक्षणासाठी द्यावी, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी नवे मैदान लागत नाही, नवा निधी फारसा लागत नाही आणि पंच म्हणून उभा राहिलेला आपल्याच पेठेतील मुलगा पाहिला की प्रेक्षकांची भाषाही बदलण्याची शक्यता असते. अर्थात, आपल्या तालमीच्या सामन्यावर त्याची नेमणूक होणार नाही, हा नियम प्रथम पाळावा लागेल.

आता शालेय गटाचा हा सामना. नाणेफेकीपूर्वी तिघे पंच जाळी ओढून पाहतात, कोपऱ्यातील झेंड्यांचे टोक बोथट आहे याची खात्री करतात, खेळाडूंचे बूट आणि शिनगार्ड तपासतात. सामन्यात एक पेनल्टी दिली जाते, एक गोल ऑफसाइड ठरतो आणि दोन्ही वेळी खेळाडू पंचांना घेरतात. पंच फक्त कर्णधाराला जवळ बोलावतो आणि बाकीच्यांना हाताने दूर ठेवतो. सामना संपल्यावर पंचांच्या खोलीत बसून तो अहवाल लिहितो. कार्ड कोणत्या मिनिटाला, कोणत्या क्रमांकाच्या खेळाडूला आणि कोणत्या कारणासाठी दाखवले, हे त्याला नेमक्या शब्दांत मांडायचे आहे. निरीक्षक शेजारी बसून वही उघडतात आणि पेनल्टीच्या वेळी तो गोलक्षेत्रापासून किती लांब होता, हे आधी विचारतात. पुढच्या रविवारच्या नेमणुकीत हीच एक गोष्ट पुन्हा तपासली जाईल, असे त्याला सांगितले जाते.