वार पडली?

(गोठा, रात्र, पावसाचा आवाज)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला गोठा. गाय व्याली, वासरू लटपटत उभं राहिलं, तरी घरचं कुणी झोपायला जात नाही. "वार पडली गे?" आतून आजी विचारते. पडली की गाईनं तोंड घालायच्या आत उचलायची आणि माडाच्या बुंध्याशी पुरायची.

पुरतो ती वार, म्हणजे पोटात गर्भाला पोसणारा अवयव, नुसती पिशवी नव्हे. ती संप्रेरकं स्रवणारी एक ग्रंथी असते.

(प्रयोगशाळेचं प्राणीगृह)

भाताच्या तुसावर पांढरी उंदरीण. बाहेर पाऊस कोसळो, इथं १२ तास उजेड, १२ तास अंधार. गाभणकाळ १९-२० दिवसांचा. एकेक वार हरभऱ्याच्या दाण्याहून हलकी.

पहिले आठ-दहा दिवस आईची मेंदूखालची पियूषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवून गर्भ सांभाळते. मग वारेतून लॅक्टोजेन हे तसंच संप्रेरक येऊ लागतं आणि कारभार वारेकडे जातो. अंडाशयाला ती गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवत ठेवायला लावते, आईच्या स्वादुपिंडात इन्सुलिनच्या पेशी वाढवते. १९३०च्या दशकातल्या प्रयोगांत उंदरिणीच्या पोटातली पिल्लं काढून वार तेवढी आत ठेवली. पिल्लं नाहीत, तरी गाभणपण चालू राहिलं!

पिल्लाचं वजन ठरवण्यात मोठा वाटा आयजीएफ-२ या इन्सुलिनसारख्या वाढ-घटकाचा. १९९० साली त्याचं जनुक मोडलं, तेव्हा पिल्लं नेहमीच्या ६० टक्के वजनाची जन्मली. गंमत पुढं आहे: बापाकडून आलेली प्रत मोडली तरच हे घडतं. आईकडची प्रत मुळात गप्पच असते. उलट जास्तीचं आयजीएफ-२ गिळून टाकणारं जनुक चालतं ते आईकडचं. आईबापांची ही ओढाताण, असं काही शास्त्रज्ञ मानतात. उपमा झकास आहे, पण उंदरांना भांडायला लावून आपण मोकळे होतो, असं मला वाटतं.

२००२मध्ये फक्त वारेतलं आयजीएफ-२ कमी केलं. वार खुरटली, पण पिल्लं लगेच नाही. लहानशी वार आपल्या आकाराच्या मानानं जास्त अन्न पोचवत राहिली. शेवटच्या दिवसांत मात्र तिला झेपेना.

माणसाचं गणित थोडं निराळं. बाईच्या गरोदरपणात काही आठवड्यांनी वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवते. उंदरिणीला शेवटपर्यंत अंडाशय लागतं.

आणि वजन करायला वार हवी असेल, तर ती प्रसूतीच्या आधीच काढावी लागते. इथं पहाऱ्याला आजी नाही. पिल्लू चाटता चाटता उंदरीण ती खाऊन टाकते.